पाण्याच्या रेघा

दिल्लीच्या पहाडगंजात पाट्या रंगवणारा एक पन्नाशीचा माणूस होता. रोज सकाळी रंगाला हात लावण्याआधी तो तासभर काळ्या फळीवर ब्रशने पाण्याच्या उभ्या रेघा ओढायचा. वाळल्या की पुन्हा ओढायचा.

मी तेव्हा पंचविशीची, चित्रकलेचा डिप्लोमा मिरवणारी शहाणी. त्याच्याकडे अक्षरं शिकायला गेले, तर त्याने मलाही पाणीच दिलं. पाचव्या दिवशी मी फणकारले, "चाचाजी, रंग कब देंगे? मैं डिप्लोमावाली हूँ!"

तो हसलासुद्धा नाही. "बेटी, पानी की गलती सूख जाती है. रंग की रह जाती है."

मी ब्रश आपटला आणि परत फिरकले नाही. नाक केवढं होतं माझं!

बारा वर्षांनी आमच्या महिला मंडळाला पाटी हवी होती. बायका म्हणाल्या, त्या चाचाजींनाच सांगू. तो आठ दिवस मागत होता. मी जिद्दीने नोएडाहून एका दिवसात फ्लेक्स छापून आणला.

पाटी लागली त्या दिवशी तो रस्त्यात थांबला. अक्षरांच्या उभ्या रेघा खालून वर न्याहाळत म्हणाला, "बेटी, ये तुमने लिखा?"

"जी," मी बेधडक ठोकून दिलं.

"इतनी सीधी तो मुझसे भी नहीं आई." त्याने खिशातला ब्रश माझ्या हातात दिला. "तुम रखो. मेरे पास अब काम कहाँ?"

जन्मभर अक्षरं लिहिलेल्या माणसाला छापील पाटी ओळखू आली नसेल, अशी मी अजून स्वतःची समजूत घालते. ब्रश कपाटात आहे. त्याला पाणी लावायची हिंमत झालेली नाही.