दाजींचं नाक

माझ्या ताईला उजवी भुवई नाही. पेन्सिलीने काढते बिचारी, आणि घाईत काढली की दिवसभर चेहऱ्यावर आश्चर्य घेऊन हिंडते. कुठे गेली ती भुवई? दाजींच्या नाकापायी गेली!

दाजी म्हणजे ताईचा नवरा. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात, अंगणात ठेवून भाजायचे ते मोठे गॅसचे ग्रिलही जोडून देतात. हात चांगला आहे, नाही कशाला म्हणू? पण तोरा! गॅस गळतोय का बघायला बाकीचे लोक नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले की गळती. दाजी साबणाला हात लावायचे नाहीत. जोडाजवळ नाक न्यायचं, डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. वर म्हणायचं, "साबण नवशिक्यांना. आपलं नाक बास आहे." नाकाने कांदे सोलणं म्हणजे काय, ते मी या माणसाकडे बघून शिकले.

मागच्या वर्षी त्यांना जबर ताप आला. त्यातून उठले आणि नवाच हुकूम निघाला, ताईने कामावर बरोबर यायचं. का, तर पिशवी धरायला. पिशवीत नट आवळायचे दोन पाने आणि हातभर नळी, आणि ती धरायला बायको! ताई शिवणकाम टाकून यांच्यामागे दारोदार. तेव्हापासूनच तिला तो खोकला लागला. कोरडा, मध्येच एकदा येणारा. डॉक्टरला दाखव म्हणून मी कानीकपाळी ओरडले. "धुळीचा आहे गं," म्हणायची.

एकदा तर माझ्यासमोर दाजी नासलेलं दूध गटागटा प्यायले. मी म्हटलं, "अहो दाजी, वास नाही आला?" केवढे उखडले! "मेव्हणीबाई, पाहुण्या आहात, पाहुण्यासारख्या राहा." अस्सा राग आला, पण ताईकडे बघून गिळला.

मग एका रविवारी दाजींनी घरी स्वतःचा ग्रिल आणला आणि शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. जेवण निमित्त, खरं तर भाषण ऐकायला. ग्रिल ठेवला कुठे, तर मागच्या भिंतीला चिकटवून, वाळत घातलेल्या चादरींच्या खाली. शहाणाच! मी चादरी ओढून काढल्या आणि म्हटलं, "दाजी, भिंतीपासून जरा लांब घ्या."

"तुम्ही आत जाऊन बटाटे चिरा."

गेले आत. चिरता चिरता खिडकीतून बघते तर ग्रिलचं झाकण बंद, गॅसचं बटण मात्र फिरवून ठेवलेलं, आणि हे फाटकापाशी उभ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपले पराक्रम सांगतायत. तेवढ्यात मला वास आला. गॅसचा, चांगला सणसणीत. सुरी तशीच टाकून मी बाहेर धावले.

"दाजी, वास येतोय! सिलेंडर बंद करा आधी, आणि झाकण उघडा!"

दाजी सावकाश वाकले. जोडाजवळ नाक नेलं, डोळे मिटले. मग डोळे उघडून ताईकडे बघितलं. ताई ग्रिलच्या शेजारीच ताट घेऊन उभी होती. रुमालाने नाक पुसत होती. खोकली नाही, की काही बोलली नाही.

"काही नाही," दाजी म्हणाले. "मेव्हणीबाईंना आता माझ्याहून शहाणं नाक फुटलंय." फाटकापाशी हशा पिकला. आणि मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी ग्रिलचा ठिणगी पाडायचा चाप दाबला.

भप्पकन आवाज झाला. झाकण उडालं आणि झाकणाखाली साठलेल्या गॅसचा सगळा जाळ ताईच्या अंगावर गेला. मी सिलेंडर बंद केला, ताईला ओढत नळापाशी नेलं, हात धारेखाली धरला. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक. भुवईच्या जागी करपल्याचा वास.

दाजी मागून आले. पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस विचारेल, फार भाजलं का गं?

"खोकली का नाहीस तू?" दाजी म्हणाले. "दर वेळी खोकतेस ना!"

ताई पाण्याकडे बघत म्हणाली, "सर्दी झालीय. नाक बंद आहे. सकाळी सांगत होते, तर म्हणालात कुरकुर करू नकोस."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे तापात यांचं नाक गेलं होतं! वर्षभर लोकांच्या घरचा गॅस हुंगत होती ती माझी ताई. वास आला की खोकायची, आणि हे डोळे मिटून गळती सापडल्याचं सोंग करायचे.

"हात माझा भाजलाय हो," ताई म्हणाली.

"हळू बोल. शेजारी ऐकतायत."

हळू? मला हळू बोलता येत नाही, हे आमच्या सगळ्या घराण्याला ठाऊक आहे. ताईला हात धारेखालीच ठेवायला सांगितला आणि तडक फाटकापाशी गेले.

"ऐका हो सगळे! या माणसाला वास येत नाही! वर्षभरात ज्यांनी ज्यांनी यांच्याकडून गॅस जोडून घेतला असेल, त्यांनी आधी घरी जा आणि साबणाचं पाणी लावून बघा!"

ग्लास तिथेच टाकून माणसं पळाली. दाजी ओरडत होते, "अगं, तुझ्या बहिणीला आवर, धंदा बुडवला हिने माझा!"

ताई नळापाशीच उभी होती. तिने मला आवरलं नाही.