गव्हर्नरसाहेबांना मी आधी मारलं

मुलगा कॅलिफोर्नियात राहतो. तो मुलूख मेक्सिकोच्या ताब्यात होता तेव्हाच्या एका गव्हर्नरचं जुनं घर त्याच्या शेजारीच आहे. त्या गव्हर्नरचं इंग्रजी चरित्र त्यानं मला पाठवलं. बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी रोज दुपारी ते पुस्तक तिला मराठी करून ऐकवू लागलो. इतिहासाचा निवृत्त मास्तर मी. बडबडीची खोड काही निवृत्त झालेली नव्हती.

बायको मोहोळकडची. तिला कारभारात रस नव्हता. अमेरिकन फौज आली, गव्हर्नरी गेली, त्यावर ती नुसतं "हं" म्हणाली. "बायकू कशी हाय त्याची?" एवढंच विचारायची.

आणि एका पानावर त्याची बायको आजारानं गेली. मला वाचवेना. मी झटकन अक्कल चालवली आणि तिच्याऐवजी गव्हर्नरला मारलं. बाई ठणठणीत ठेवली.

बायको रडायलाच लागली. "अवो, बिचारीचं कुंकू पुसलं की!"

जन्मभर देवापुढं अहेवपणी, नवऱ्याच्या आधी, मरण मागणाऱ्या बाईला मी हा दिलासा दिला होता! दुसऱ्या दिवशी गव्हर्नरला जिवंत करावं लागलं.

"मेलेला माणूस उटून बसला व्हय?" ती म्हणाली. "मास्तर, खरं सांगा. ती आदी गेली न्हवं?"

"गेली."

"मग बरं झालं. पण मागं त्यानं कसं केलं?"

पुस्तकात जमिनींचे खटले होते, हे नव्हतं. "एकटाच राहिला," मी म्हटलं.

"त्याला सांगा, दूध तापवताना तितंच उभं ऱ्हायचं. पेपर घिऊन बसायचं न्हाय."

त्यानंतर पुस्तक मिटलेलंच राहिलं. रोज दुपारी ती गव्हर्नरला शिकवायची. भाताला पाणी किती, शेंगाची चटणी कुठल्या बरणीत, निजताना गॅसचं बटण कसं बघायचं. "लई विसरभोळा हाय त्यो," म्हणायची. मी त्याच्या वतीनं मान डोलवायचो. मेथीची भाजी शिकवायची राहिली.

ती हवी तशी गेली, हिरव्या साडीत. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, भाग्याची.

काल दूध उतू गेलं. पेपर हातात नव्हता. मी तिथंच उभा होतो, भांड्याकडेच बघत.