अक्काच्या दाईशाळेची घरं

हिंगोलीहून आलेला गाडीवान माझ्या वसमतच्या अडतीवर शिरला तेव्हा मी हळदीच्या पोत्याला पाठ लावून पेंगत होतो. "अक्काच्या शाळेतून निरोप हाये," तो म्हणाला. मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. "छकडा कधी आणू?" असं विचारून मोकळा झालो. त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं. म्हणाला, "छकडा नको, मालक. अक्का गेल्या."

त्याला आता पाच आठवडे झाले, पण त्या प्रश्नाची लाज जात नाही. माझ्या बाजूनं सांगायचं तर एवढंच, की अक्काचा निरोप म्हणजे शाळेचं सामान हलवायचं, हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलं होतं. अक्का माझी थोरली बहीण. न कळत्या वयात कपाळ पांढरं झालं. पुढं वडिलांशी अबोला धरून ती हैदराबादेत सुईणपण शिकली आणि हिंगोलीत येऊन तिनं दाईशाळा काढली. खेड्यांतल्या, तांड्यांवरच्या बायका तिथं येऊन राहायच्या, नाळ कापायची कात्री उकळून काहून घ्यायची ते शिकायच्या. मी रक्त दिसलं की आडवा होणारा माणूस. म्हणून माझ्या वाट्याला छकडा आला.

शाळेची पहिली जागा म्हणजे छावणीतला घोड्यांचा जुना तबेला. तिथल्या गव्हाणीत धुतलेली फडकी अंथरून अक्का लेकरं निजवायची. एका पावसाळ्यात छप्पर बसलं. मग माळी गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. तिथं पहिलं बाळंतपण झालं आणि मालकीणबाईंनी देवांना विटाळ झाला म्हणून आठवड्यात बाहेर काढलं. तिसरं घर कयाधूच्या काठचं, नरहरराव देशमुखांचं, त्यांच्या राहत्या घराला लागून. तेवढ्यात हैदराबादेहून निजाम सरकारचा कागद आला. वर्षभर एका जागी शाळा टिकली तरच मंजुरी, नाहीतर बंद. अक्कानं तो कागद मला दोनदा वाचायला लावला. एरवी ती स्वतः माझ्याहून भरभर वाचायची.

चौथ्या महिन्यात देशमुखांनी निरोप धाडला, आमच्या देवघराला तुमची भिंत लागून आहे, सोमवारी घर मोकळं करा. मी सोमवारी सकाळी हजर. कपाट, पातेली, फळा, सगळं चढवलं. घरात एक बाज तेवढी राहिली. तिच्यावर तांड्यावरची सोनी, आदल्या दुपारी बाळंत झालेली. देशमुख काठी टेकत दारात आले.

अक्का पदर सारखा करत म्हणाली, "एवढी एक बाज राहिली, दादासाहेब. ती तुमी उचला."

कच्च्या बाळंतिणीला घराबाहेर काढण्याची छाती कुणाला होते? ज्या विटाळाच्या रिवाजानं अक्काला दोनदा बाहेर काढलं, तोच आता उंबऱ्यात आडवा पडला होता; बाजेला हात लावला तर विटाळ. देशमुखांनी टेकलेली काठी उंबऱ्यामागं घेतली. "बारा दिवस," म्हणाले आणि वळले. शिकणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून मला म्हणाल्या, "मामा, छकडा रिकामा करा. बाराव्याला पुन्हा या."

बाराव्या दिवशी गेलो तर बाजेवर माळ्याची सून. तिच्यानंतर औंढ्याकडची एक. देशमुख यायचे, दारातून डोकवायचे, जायचे. एकदा मात्र त्यांना राहवलं नाही. "अक्का, हे किती दिवस चालायचं?"

"पंचक्रोशीत लेकरं व्हायची थांबली, की लगेच जाते."

वर्ष भरलं, मंजुरी आली. आपले देव वाचवायला देशमुखांनीच मग परसात, मागल्या दाराची एक वेगळी खोली बांधून दिली. शाळेची पहिली हक्काची खोली ती अशी. पुढं अक्काच्या बायकांनी तिला ओसरी जोडली, स्वतः गारा तुडवून. मी विटा वाहिल्या. त्यातल्या एका भिंतीचं पोट अजून सुटलेलं आहे, ती मी रचली. रझाकारांच्या दिवसांत गावंच्या गावं हलली, पण ती बाज हलली नाही. अक्का म्हणायची, शाळेला मुक्काम लागतो रे, मला कुठंही झोप येते.

अक्का गेल्याचा निरोप ऐकून वसमतहून पोचलो तेव्हा अक्काला ओसरीवर ठेवलं होतं. आत तीन दिवसांची बाळंतीण. गावकरी कुजबुजत होते, पोरीला आधी दुसरीकडं न्या, एका छताखाली जन्म आणि मरण बरं नव्हे. तेवढ्यात थकलेले देशमुख नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. त्यांनी आधी अक्काकडं पाहिलं, मग खोलीच्या दाराकडं.

"बाळंतीण हलणार न्हाई," ते म्हणाले. "अक्काला माझ्या अंगणात घ्या. तिथून काढू."

अक्काला आम्ही देशमुखांच्या अंगणात, देवघरापुढं ठेवलं. तिरडी बांधत असताना खोलीतून लेकरू रडलं. अक्काच्या पायाशी बसलेली एक शिकाऊ बाई डोळे पुसत उठली, हात धुतले, आणि आत गेली.

परवा जाऊन आलो. ओव्याच्या धुरीचा वास ओसरीपर्यंत येत होता. बाज भरलेली होती.