मे महिन्यात काय करता?

सकाळी पोरं शाळेत सोडली की दुपारपर्यंत आम्हा स्कूलबसवाल्यांना काम नाही. भिसेगावात गाड्या सावलीला लावायच्या आणि परमनंट नोकरीच्या गप्पा मारायच्या. नोकरी एकालाही लागली नाही, किस्से मात्र ढिगानं जमले!

आमचा सलीमभाई एका भरतीला गेला. साहेब म्हणाले, "मिनीबस चालवता ना? आम्हाला मोठ्या गाडीचा अनुभव पायजे." सलीमभाई म्हणाला, "साहेब, तुमच्या मोठ्या गाडीत पॅसेंजर एकमेकांना डबे फेकून मारतात का?" साहेब खूप हसले. चहा पाजला आणि घरी पाठवलं.

मी खालापूरला एका कारखान्याची स्टाफबस धरली होती. "सहा महिन्यांत परमनंट करू," म्हणाले. तेवढ्यात ठेकेदार बदलला. नवा ठेकेदार, त्याच्या नावाचा नवा शर्ट, सहा महिने पुन्हा पहिल्यापासून! असे तीन शर्ट झाले. बायको म्हणाली, "नोकरी नाय टिकत, शर्ट तेवढे टिकतायत!" मी गुमान शाळेच्या गाडीवर परत आलो.

आमच्यातला तिसरा हऱ्या. त्याच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही दोघंही सोबत गेलो होतो. मुलीच्या बापानं विचारलं, "ड्रायव्हर म्हणजे एसटीत का?"

"नाय, शाळेच्या बसवर."

"मग मे महिन्यात काय करता?"

सलीमभाई पटकन म्हणाला, "यंदा लगीन करतोय की!"

लग्न झालं. पण दर मे महिन्यात हऱ्या दुसऱ्याचा विटांचा टेंपो चालवतो आणि सासरे दरवर्षी तेच विचारतात.

याला कारण मी. पूर्वी एसटीची भरती निघाली, तेव्हा हऱ्या फॉर्म घेऊन माझ्याकडेच आला होता. मी शहाणा! म्हणालो, "थांब रं, शेलूला एवढ्या बिल्डिंगी होतायत, स्कूलबसला मरण नाय." बिल्डिंगी झाल्या. पगार तिथंच राहिला, हऱ्याचं वय तेवढं वाढलं. अजून मनाला लागतं ते.

यंदा शहरातल्या बससाठी भरती निघाली. वयात बसायचं त्याचं हे शेवटचं वर्ष. मी मुद्दाम सोबत गेलो.

ट्रायलला साहेब आणि हऱ्या, दोघंच बसमध्ये. मी कुंपणाबाहेर, शेवटचा थांबा माझ्यासमोरच. काय चालवली गाडी पठ्ठ्यानं! रिव्हर्स, वळण, चढ, एक चूक नाही. शेवटच्या थांब्यावर दार उघडायचं, लावायचं आणि लगेच निघायचं, एवढंच राहिलं होतं.

हऱ्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि उठून मागं गेला. एकेका सीटखाली वाकून बघायला लागला.

साहेब ओरडले, "अहो, काय शोधताय?"

"कोण पोर झोपलंय का बघतो."

"वेळ संपली. उतरा!"

परतताना मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे येड्या, बस रिकामी होती रं!"

हऱ्या म्हणाला, "बघितल्याबिगर कसं कळणार?"