आप्पांचा फोटो आणि विंडोजचा प्रश्न

हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण या किश्शात एक माणूस दोनदा गेला, आणि दुसऱ्यांदा त्याला मी घालवला.

आप्पा आमचे शेजारी. कॅमेरा दिसला की तोंड फिरवणारा माणूस! मुलीच्या लग्नात मात्र मनापासून हसले आणि ते हसू माझ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यात सापडलं. अख्ख्या आयुष्यातले त्यांचे धड फोटो तेवढेच, तेही माझ्याच कॉम्प्युटरवर.

त्या कॉम्प्युटरचा मला भारी अभिमान. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स, दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम! व्हायरस लागू नये म्हणून फोटो लिनक्सच्या ड्राइव्हवर ठेवले होते. पुढं विंडोज बिघडलं, ते मी नव्यानं टाकलं, आणि तेव्हापासून लिनक्स सुरूच होईना. बघू नंतर, म्हटलं. शहाणाच ना मी!

अशात आप्पा गेले. उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा बबन फोटो न्यायला आला. मी विंडोजमधूनच त्या ड्राइव्हवर क्लिक केलं. विंडोजला लिनक्सची ड्राइव्ह वाचताच येत नाही, हे मला कुठं ठाऊक? विंडोजनं आपलं विचारलं, ही ड्राइव्ह फॉरमॅट केलेली नाही, करू का?

आता आपल्या कोल्हापुरात कुणी असं विचारलं तर आपण काय म्हणतो? चहा टाकू का? टाक की. गाडी काढू का? काढ की. नाही म्हणणं आपल्याला जमतंय कुठं?

"कर की," म्हणालो आणि बटण दाबलं. सगळं पुसलं जाईल, अशी सूचनाही आली. तिलाही हो म्हटलं. सूचना वाचतंय कोण?

ड्राइव्ह झकास उघडली. आत काहीच नव्हतं.

बबन स्क्रीनजवळ वाकला. मग हळूच म्हणाला, "आप्पा कुठं हाईत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी आमच्या अल्बममध्ये एक छापलेला फोटो मिळाला. पुढं दात काढून मी, माझ्या खांद्याआड आप्पा. मला कापावं तर त्यांचा अर्धा गाल जात होता. तसाच तो आप्पांच्या बायकोपुढं, आमच्या काकूंपुढं ठेवला आणि माझ्या तोंडावर निदान कागद तरी चिकटवतो म्हणालो.

"ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "कुणी घालवलं, त्येबी दिसू दे की."

तेव्हापासून दरवर्षी श्राद्धाला त्या फोटोवरच्या हारात आप्पांबरोबर मीही असतो. गडमुडशिंगीचे पाहुणे फोटोला हात जोडतात, मान वर करतात, आणि समोर पंगतीत मी आमटी वाढून घेत असतो.