अकरा केसपेपर

मी दारावरचा वॉचमन. तेही हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या दारावरचा, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायचा पगार घेणारा. त्यामुळे माझंही तोंड फटकळ झालंय, आधीच सांगून ठेवतो. पण सांगायचंय ते माझं नाही, समोरच्या खिडकीतल्या काकूंचं.

काकू केसपेपर काढतात. एकवीस वर्षं तीच खिडकी, तीच करकरणारी खुर्ची, पाठीला तीच उशी. पोराचं नाव विचारायच्या आधी विचारतात, "रडतंय का?" रडत असलं तर म्हणतात, "छान. श्वास घेतंय म्हणजे. बसा." गप्प पोर आलं की मात्र पेन टाकून उठतात. डॉक्टरांनी हे पुस्तकात वाचलं असेल, काकू खिडकीत बसून शिकल्या.

आमच्याकडची पद्धत अशी, की पोर कितीही वेळा येवो, दर वेळी नवा केसपेपर. घरी जाताना तो खिडकीत जमा करायचा. तिथून पोत्यात आणि महिनाअखेरीला रद्दीत. पोर कितव्यांदा आलंय ते कॉम्प्युटरला बरोब्बर ठाऊक. आधी काय झालं होतं, याचा मात्र त्याला पत्ता नाही.

मोठ्या साहेबांनी मध्यंतरी एक समिती नेमली. विषय काय, तर तीच ती मुलं पुन्हा पुन्हा का येतात? सहा बैठका झाल्या. सहाही वेळा बिस्किटं मीच आत नेली, म्हणून छातीठोक सांगतो, एकाही आईला आत बोलावलं नाही. शेवटी भिंतीवर पाटी लागली: 'त्याच मुलास वारंवार आणू नये.' घ्या! जसं काही लोक इथे हवा खायला येतात! वर नियम काढला. महिन्यात तिसऱ्यांदा येणाऱ्याच्या पेपरवर 'वारंवार' असा लाल शिक्का मारायचा आणि त्याला बाकावर बसवून सगळ्यांच्या शेवटी आत घ्यायचं.

त्या फेऱ्यावाल्यांत एक साडेतीन वर्षांची पोरगी होती. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. चिमणीला दम लागायचा. यायची, मास्क लावून वाफ घ्यायची आणि दोन-तीन तासांनी मला जीभ दाखवून घरी जायची. दर वेळी डॉक्टर नवा, प्रश्न जुनाच. "पंप देता ना?" आई म्हणायची, "देते की." डॉक्टर लिहायचे, 'पंप चालू ठेवा.' झालं काम.

एका सोमवारी दुपारी ती अकराव्यांदा आली. महिन्यातली तिसरी खेप. आईच्या खांद्यावर मान टाकलेली, बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि रडणं नाही. काकू उठल्याच. नेमके साहेबांचे असिस्टंट खिडकीशी पाहणीला उभे होते.

"काकू, शिक्का राहिला. बाकावर बसवा त्यांना."

चिमणीची आई घाईघाईने म्हणाली, "पाटी वाचली होती हो मी. म्हणून तर सकाळपासून थांबले होते. आता राहवेना..."

"सकाळपासून?" काकूंनी ड्रॉवर ओढला. डब्याखालून दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढला. चिमणीचे आधीचे दहा केसपेपर! बाईंनी ते रद्दीत घातलेच नव्हते. गठ्ठा काखेत मारून त्यांनी आईला हाताला धरून आत ओढलं.

"अहो, शिक्का!"

"मारा तुमच्या कपाळावर!"

आत एक नवी डॉक्टरीणबाई होती. तिने आधी चिमणीला मास्क लावला. पोरीचा श्वास जरा खाली बसल्यावर गठ्ठा सोडला. दहाही पेपरांवर तीच ओळ. मग तिने विचारलं, "पंप नेमका कधी देता?"

"दम लागला की. एरवी कशाला? धडधाकट पोरीला औषध कोण देतं?"

डॉक्टरीणबाईने कपाळाला हात लावला. "अहो ताई, हा पंप बरी असतानाही द्यायचा. रोज, सकाळ-संध्याकाळ. दम लागूच नये म्हणून."

"मला कुणी विचारलंच नाही हो," म्हणून आई ढसाढसा रडली. दारात उभा राहून मी ऐकत होतो. असा संताप आला होता, की ती पाटी उखडून साहेबांच्या टेबलावर आपटावी. आपटली नाही. माझीही नोकरी आहे.

त्या दिवशीचा अकरावा पेपरही काकूंनी गठ्ठ्यात बांधून ठेवला. चार महिने झाले, चिमणी आलेली नाही. समितीचा अहवाल आला: पाटीमुळे फेऱ्या घटल्या. साहेबांचा सत्कार झाला. काकूंना मेमो मिळाला: 'एकाच रुग्णाचे अकरा केसपेपर नियमबाह्यरीत्या जवळ का ठेवले? लेखी खुलासा करावा.'

काकूंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मी म्हटलं, "काकू, माफी मागा आणि मोकळ्या व्हा. कुठे नादाला लागता?" त्यांनी चष्मा पुसला, कागद ओढला, लिहिलं आणि साहेबांना द्यायला माझ्याच हातात ठेवला. मी जिन्यात थांबून वाचलाच.

एकच ओळ होती. 'साहेब, अकराही वेळा पोर एकच होतं.'