एक जीव राखून

मी स्टोअर सांभाळणारी बाई आहे. माल आला की लिहायचा, गेला की लिहायचा, जुळलं नाही तर पुन्हा मोजायचं – एवढंच मला कळतं. भास, चाहूल, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारते, "लाइट होते का? दार उघडं होतं का?" बहुतेक गोष्टी तिथेच आटपतात. ही आटपली नाही, म्हणून लिहिते आहे.

साल पंच्याऐंशी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीला लागून आमचा गाळा होता. आजूबाजूला लेथ आणि ऑइल इंजिनचे सुटे भाग, आणि मधोमध आम्ही बनवत होतो व्हिडिओ गेमची मशिनं! उभं लाकडी कपाट, त्यात टीव्हीची पिक्चर ट्यूब, समोर एक दांडी आणि एक बटण. आत मुंबईहून आणलेला तळहाताएवढा हिरवा बोर्ड. सगळा खेळ त्या बोर्डात. तो काढला तर उरतं ते लाकूड आणि काच – हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माणसं मोजकी. मालक अरविंदशेठ, कपाटं करणारे महादू मिस्त्री, वायरिंग करणारी शालन आणि मी. शालनचे वडील दत्तूअण्णा मशिनं तपासायचे.

अण्णांची एक पद्धत होती. मशीन तयार झालं की बोटातल्या चांदीच्या अंगठीने कपाटाला दोनदा टक-टक करायचे आणि म्हणायचे, "बोल की!" मग बटण दाबायचे. खेळ असा – खाली आपलं विमान, वरून शत्रू येणार, आपण गोळ्या झाडायच्या. कोपऱ्यात तीन छोटी विमानं दिसायची. इंग्रजीत लाइफ, आमच्याकडे जीव. अण्णा मुद्दाम दोन जीव घालवायचे, सगळे आवाज नीट येतात का ऐकायचे, आणि तिसरा जीव असतानाच प्लग उपसायचे. खेळ संपल्याची पाटी पडद्यावर कधी येऊ द्यायचे नाहीत.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, पूर्ण खेळून बघा की. अर्धवट तपासणी कसली?"

"बाई, मेल्यालं मशीन गिऱ्हाइकाच्या दारात पाठवायचं न्हाई. एक जीव राखून धाडायचं."

मी नुसती हसले होते.

गेम पार्लरवाले मशिनं उधारीवर न्यायचे आणि पुढे तोंड दाखवायचे नाहीत. शेठ खचत गेले. ज्येष्ठापासून पगार थांबले. श्रावणात अण्णा गेले, छातीत कळ आली आणि दवाखान्यात दोन रात्रीही निघाल्या नाहीत. त्यांचाही पगार राहिलाच होता. दवाखान्यासाठी शालनने घरमालकिणीकडून उसने घेतले होते, आणि दसऱ्यापर्यंत ते फिटले नाहीत तर खोली सोडा, असं तिला सांगितलेलं होतं.

आशा एकच होती. गाळ्यात पाच मशिनं तयार उभी होती. कागलच्या एका गिऱ्हाइकाने ती रोखीने न्यायचं कबूल केलं होतं. शेठ म्हणाले होते, "ती गेली की सगळ्यांचा पगार चुकता. दसऱ्याला सोनं देतो तुम्हाला."

"सोनं देत्यात," मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाले. "आपट्याची पानं देत्याल, बघा तुम्ही."

खंडेनवमी आली. उद्यमनगरात हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. यंत्रं धुवायची, अवजारं पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू लावायचं, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत एकाही अवजाराला हात लावायचा नाही. आमच्या गाळ्यात तर वीजही नव्हती. बिल थकल्यामुळे आठवडाभर आधी वीज मंडळाची माणसं येऊन जोडणी तोडून गेली होती. शेजारची फौंड्री सणासाठी बंद होती, त्यांचा मेन स्विच खाली पाडलेला. हे सगळं मी नंतर स्वतः जाऊन बघितलं, म्हणून सांगते.

पूजा झाली. शेठनी पेढे वाटले.

"शेठ, आता पेढ्यावरच भागवायचं का?" मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, सणाचं तरी गोड बोला. जावा आता घरी. मी बंद करतो."

आम्ही तिघं समोरच्या टपरीवर चहाला बसलो. दुपार होती, लख्ख ऊन. शेठनी शटर आतून अर्ध्यावर ओढलेलं दिसत होतं. एक विचार माझ्या मनात आला – बंद करायचं तर माणूस बाहेरून करेल, आतून कशाला? पण मी तो बाजूला सारला. माणूस देवापुढे बसला असेल, म्हटलं.

आणि मग आवाज आला.

टक-टक.

शालनचा कप तोंडापाशीच थांबला. पाठोपाठ खेळ सुरू होतानाची धून... ती चार स्वरांची, आम्ही शेकडो वेळा ऐकलेली. मग गोळ्या.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "लाइट कवा आले?"

मी उठून चालायला लागले होते.

शटरखालून वाकून आत गेलो. चार मशिनं काळी. पाचव्याचा पडदा पेटलेला. त्याच्या उजेडात शेठ पाठ भिंतीला लावून उभे होते, घामाने शर्ट भिजलेला, हातात कापडी पिशवी. पडद्यावर विमान डावीकडे जात होतं, उजवीकडे जात होतं, नेम धरून शत्रू पाडत होतं. समोरची दांडी हलत होती. तिच्यावर कुणाचाही हात नव्हता.

मी ओरडले नाही. मला जे येतं तेच केलं – तपासलं. मशिनच्या मागे गेले. वायर गुंडाळून सुतळीने बांधलेली होती, श्रावणात अण्णांनी बांधली होती तशीच. प्लग मी हातात घेतला. तो माझ्या हातात होता आणि पडद्यावर गोळ्या सुटत होत्या! मी तो फरशीवर ठेवला आणि पुढे आले.

एक जीव गेला. मग दुसरा. कोपऱ्यात एकच विमान राहिलं, आणि शत्रू अगदी खाली आले.

शालन पुढे झाली. घरात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "अण्णा, बास की. एक ऱ्हाऊ द्या."

पडदा विझला.

माझं लक्ष मशिनच्या पाठीकडे गेलं. मागची फळी उघडी होती. मी आत वाकून बघितलं. पिक्चर ट्यूब होती, वायरी लोंबत होत्या... बोर्ड नव्हता. चालायला आत काही नव्हतंच.

बाकीच्या चारही मशिनांत तेच. आणि पाटावरच्या पूजेतला स्क्रूड्रायव्हर जागेवर नव्हता. तो शेठच्या खिशातून डोकावत होता, कुंकवासकट.

"शेठ," मिस्त्री हळू म्हणाले, "पिशवी खाली ठेवा."

शेठनी ठेवली. आत पाच हिरवे बोर्ड, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

"मुंबईला घेणारा भेटला होता," ते खाली बसत म्हणाले. "नुसत्या बोर्डांना. रात्रीच्या गाडीनं जाणार होतो... चार काढले. पाचवा काढून पिशवीत टाकला, आणि मशिननं दार वाजवल्यागत केलं." मग शालनकडे न बघता म्हणाले, "पोरी, चुकलं माझं."

शालन म्हणाली, "मला न्हाई, अण्णास्नी सांगा." आणि पाटावरचा दिवा सरळ केला.

दसरा झाल्यावर फौंड्रीतून वायर ओढून घेतली, बोर्ड परत बसवले. कागलचं गिऱ्हाईक आलं तेव्हा शेठनी त्याला पैसे मोजायला माझ्या टेबलाशी बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. पगार चुकते झाले, अण्णांचाही. शालनची खोली राहिली. कंपनी मात्र दिवाळी बघू शकली नाही.

मी आजवर तिघा जाणकारांना विचारलं. एकाने सांगितलं, ट्यूबमध्ये करंट साठून राहतो. दोन महिने? आणि साठला तरी, बोर्डाशिवाय विमान कोण काढणार? दुसरा म्हणाला, तुम्ही सगळे उपाशीतापाशी, भास झाला असेल. शेठ उपाशी नव्हते. तिसरा नुसता गप्प बसला. त्याचंच मला पटलं.

एवढं मात्र सांगते. पाचवं मशीन टेम्पोत चढवायच्या आधी तपासायला कुणी पुढे येईना. मग मीच उभी राहिले. आजूबाजूला बघितलं, बांगडीने कपाटाला दोनदा टक-टक केलं आणि म्हटलं, "बोल की."

मला खेळता येत नव्हतं. दोन जीव पटापट गेले.

"बाई, आता काढा!" शालन म्हणाली.

मी प्लग उपसला. खंडेनवमीला ते कसं चाललं, हे मला अजून कळलेलं नाही. पण ते मशीन मी मेलेलं पाठवलं नाही.